तलावात देशी मांगूर टिकवायचा असेल तर

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. घराणं ढीवराचं, म्हणजे पिढीजात मासेमारांचं. गावच्या मत्स्यपालन सहकारी संस्थेची मी सचिव आहे. वही माझ्याकडे असते, त्यामुळे तलावातून काय निघतं आणि काय निघेनासं झालं, हे मला आकड्यांत दिसतं. कतला, रोहू, मृगळ यांच्या ओळी भरलेल्या असतात, कारण त्यांचं बीज आपण दरवर्षी पैसे मोजून आणतो आणि टाकतो. ज्यांचं बीज कुणी टाकत नाही, जे आपले आपण राहतात, त्यांच्या ओळी कोऱ्या पडत जातात. त्यात सर्वांत आधी कोरी झाली ती मांगुराची.

देशी मांगूर, शास्त्रीय नाव क्लॅरियस मागुर. बिहारने त्याला राज्यमासा केलं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. आपल्याकडे मात्र संस्थेच्या सभेत मांगुराचा विषय काढला की लोक म्हणतात, "बीज आणून टाका ना मग." बीज टाकणं हे शेवटचं काम आहे, आणि बहुतेक तलावांत त्याची गरजही पडत नाही. त्याआधीची कामं कोणती आणि ती कशी करायची, ते इथे लिहिते आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं तलावांबद्दल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी यातले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. यांची घडण अशी की एका बाजूला मातीची पाळ आणि बाकी तिन्ही बाजूंनी जमीन हळूहळू उतरत पाण्यात गेलेली. पाळीजवळ खोल, उरलेल्या बाजूंना गुडघाभर, घोटाभर. ही घोटाभर पाण्याची पट्टी म्हणजे मांगुराचं घर. पुढचं बरंचसं तिच्याभोवतीच फिरतं.

आधी मासा ओळखा

बाजारात मांगूर म्हणून टबात वळवळणारा मासा बऱ्याचदा आपला नसतोच. तो आफ्रिकेतला क्लॅरियस गॅरिपिनस. थायलंडमार्गे बांगलादेशात आला, तिथून १९९० च्या दशकात चोरवाटेने पश्चिम बंगालमध्ये उतरला आणि थाई मांगूर नावाने देशभर पसरला. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्यावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं. तरीही तो मिळतो, कारण तो काहीही खातो, कसल्याही पाण्यात जगतो आणि झपाट्याने वाढतो.

दोघांनाही आठ मिशा, दोघांचंही अंग बिनखवल्याचं, दोघेही पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत. रंगावर जाऊ नका. गढूळ पाण्यातला आणि गवताळ पाण्यातला एकच मासा वेगळा दिसतो. माझी आजी डोक्यावर अंगठा फिरवून सांगायची आणि तीच रीत पक्की आहे. डोक्याचं कठीण हाड पाठीकडे जिथे संपतं, तिथे बोट फिरवा. देशी मांगुरात ते हाड मधोमध टोकदार निघतं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. थाई मांगुरात ती कड दोन उंचवट्यांची, एम अक्षरासारखी लागते. मग मासा उलटा करून डोक्याची खालची बाजू बघा. थाई मांगुरात तिथे दोन्हीकडे एकेक काळसर पट्टा असतो, देशीत तो नसतो. वजनही बोलतं. देशी मांगूर पाव किलोच्या आसपास, फार तर अर्धा किलो. किलोच्या वरचा मांगूर कुणी "आपल्या तलावातला देशी" म्हणून दाखवला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, अंगठा फिरवा. थाई मांगूर आफ्रिकेत दीड मीटरपर्यंत वाढतो.

शिंगी आणि मांगूर यांत नवी पोरं गोंधळतात. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब असतो. शिंगीला तो इवलासा, असून नसल्यासारखा. आणि कोणताही असो, हाताळताना दोन्ही बाजूंचे काटे सांभाळा. शिंगीचा काटा विषारी, रात्रभर हात ठणकतो. मांगुराचाही काही कमी नाही.

बीजाची पिशवी उघडी करून बघा

तलावात थाई मांगूर कुणी मुद्दाम टाकत नाही असं आपण धरून चालतो. काही लोक टाकतात, लवकर पैसा होईल म्हणून. कुणी बाजारातून जिवंत आणून पुण्य म्हणून सोडतो. पण संस्थेच्या हातात जे आहे ते म्हणजे विकतचं बीज. ते दूरवरून येतं, एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातं, आणि कतला-रोहूच्या पिशवीत काय काय येतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आम्ही पिशव्या थेट तलावात ओतायचं बंद केलं. प्रत्येक खेपेतल्या काही पिशव्या पाळीवरच पांढऱ्या टबात ओततो. पांढरा का, तर त्यात मिशा दिसतात. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं असतील तर काम सोपं: चपटं डोकं, लांब आठ मिशा, तळाशी सरपटणारं पिल्लू दिसलं की ते कार्प, म्हणजे कतला-रोहूच्या कुळातलं नव्हे. सायप्रिनस या परदेशी कार्पलाही तोंडाशी छोट्या मिशा असतात, पण डोकं चपटं नसतं आणि अंगावर खवले असतात, त्यामुळे फसायचं कारण नाही. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं घेत असाल तर डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून जिरे फक्त ओळखीच्या, पावती देणाऱ्या केंद्राकडून घ्या किंवा घेऊच नका, बोटुकलीच घ्या. महाग पडते हे खरं.

पावतीवर जातवार संख्या लिहून मागा. "मिक्स" लिहिलेली पावती परत करा. मिक्समध्ये गवत्या (ग्रास कार्प) येतो, आणि गवत्या म्हणजे आपण पुढे जे काम करणार आहोत त्याचा शत्रू. १९५९ मध्ये हा मासा भारतात आणला तेव्हा पाण्यातली वनस्पती खाऊन पाणी मोकळं करतो हाच त्याचा गुण समजला गेला. शेततळ्यात तो गुणच आहे. पण मामा तलावात मांगुराला, मरळीला, शिंगीला लपायला जे गवत लागतं, ते तो साफ करतो. सायप्रिनस तळ उकरतो, कोवळी रोपं उपटतात. जिथे देशी मासा हवा आहे तिथे हे दोन्ही टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. संस्थेत यावर भांडण होतं. होऊ द्या. आमच्याकडे तोड निघाली ती अशी की संस्थेकडे दोन पाणी असतील तर एकात हे मासे, दुसऱ्यात नाहीत.

जाळ्यात थाई मांगूर सापडला तर तो परत पाण्यात टाकायचा नाही, आणि पाळीवर टोपलीत ठेवून घरीही जायचं नाही. ओल्या रात्री तो सरपटत पाण्यात पोचतो. मारायचा, मेल्याची खात्री करायची, पाळीपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवायचं.

उथळ काठ

मांगुराला श्वासासाठी कल्ल्यांखेरीज आणखी एक अवयव असतो, झाडाच्या फांद्यांसारखा. त्याने तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून कमी पाण्यात, चिखलात, कतला दोन तासांत मरेल अशा जागी तो राहतो. पावसाळ्यात विणीला तो याहूनही उथळ जागी येतो: काठाच्या गवतात, धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी भरलेल्या शेतात. तिथे काठाला छोटं बीळ किंवा खळगा करून मादी अंडी घालते. अंडी चिकट असतात, मुळांना धरून राहतात, आणि नर त्यांची राखण करतो. एक मादी काही हजार अंडी देते. रोहूची अंडी लाखांनी असतात. म्हणजे मांगुराचं गणित संख्येवर नाही, राखणीवर चालतं. ती जागा मोडली की सगळं मोडलं.

आणि ती जागा मोडते चांगल्या कामानेच. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून तलावांतला गाळ निघतो, शेतात पडतो, शेतकरी खूश असतो. मी गाळ काढण्याच्या विरोधात नाही. साठ-सत्तर वर्षं न काढलेला गाळ साचून तलाव थाळी होतो, तेव्हा तो काढलाच पाहिजे. पण मशीनवाला ट्रिपा मोजतो. त्याला जिथे सोपं तिथून, म्हणजे काठापासून, तो सरळ उभा कापत जातो. एका उन्हाळ्यात घोटाभर पाण्याची पट्टी जाऊन तिथे कमरेइतका कडा उभा राहतो. पाणी जास्त मावतं आणि मासा वीण करत नाही.

काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत तीन गोष्टी ठरावात घालून घ्या. खोदाई पाळीकडच्या खोल भागात, काठापासून अंतर सोडून. खोदलेल्या भागाची कड उतरती, उभी नाही. आणि ज्या बाजूने नाला तलावात येतो ती बाजू पूर्ण सोडायची. तोंडी बोलून उपयोग नाही. चुन्याची रेघ मारा आणि मशीन चालू असताना संस्थेचा एक माणूस तिथे बसवा. आमच्याकडे रेघ मारली होती, माणूस जेवायला गेला, परत येईपर्यंत रेघेच्या अलीकडचं निम्मं गेलं होतं.

काठ शाबूत असेल तर दुसरं काम बेशरमचं. ही गुलाबी फुलांची झुडपं काठाला एकदा लागली की खाली दुसरं काही उगवत नाही, आणि बकरीही तिला तोंड लावत नाही. तोडून ती मरत नाही. तोडलेला तुकडा ओल्या मातीला लागला की तिथे नवं झुडूप. म्हणून एप्रिल-मे मध्ये, पाणी मागे गेलेलं असताना, मुळासकट उपटायची आणि उंच कोरड्या जागी ढीग लावून पूर्ण वाळवायची. पाळीच्या उतारावर टाकू नका, पहिल्या पावसात ती तिथूनच परत येते. पहिल्या वर्षी सगळं निघत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात कोंब शोधत पुन्हा फिरावं लागतं. हे काम आमच्याकडे बायाच करतात. पुरुष जाळ्याचं काम म्हणतात तेवढंच मोजतात, हेही लिहून ठेवते.

मोकळ्या झालेल्या जागेत मग लावणी. पाऊस येण्याआधी तो पट्टा हलका नांगरून घ्या, म्हणजे कडक झालेली माती सुटते. रोपं शेजारच्या जिवंत तलावातून आणायची. काठाला गाद आणि देवधान ही गवतं, थोड्या खोल पाण्यात चिऊल, चिला या पाणवनस्पती. गादचे कंद आणि चिऊल मुळासकट घ्या, चिखलात हाताने दाबून लावा, धानाची रोवणी येते त्याला हे शिकवावं लागत नाही. आणताना रोपं एकदा धुऊन बघा, त्यात जलकुंभीचा एकही तुकडा येऊ देऊ नका. पहिले दोन-तीन महिने गुरं त्या पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण करा. सगळा काठ लावायची गरज नाही, नाला येतो ती बाजू आधी धरा. रोपं धरली की ती आपली आपण पसरतात.

पहिला पाऊस

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस पडला की तलावातली मासळी उलट्या धारेने वर चढते, बांध्यांत, नाल्यांत शिरते. पोटात अंडी असतात. आणि नेमक्या त्याच रात्री अख्खं गाव टॉर्च घेऊन नाल्यात असतं. मीही लहानपणी गेले आहे, त्या रात्रीची मजा मला सांगू नका. पण नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं किंवा बांबूचा सापळा लावला की त्या वर्षीची वीण तिथेच संपते.

पूर्ण बंदी गावात चालत नाही. समुद्रात जून-जुलै मासेमारी बंद असते, पण तिथे बंदर आहे, बोटी मोजता येतात. इथे प्रत्येकाच्या शेतातून नाला जातो. जे चालतं ते असं: नाल्याची निम्मी रुंदी मोकळी सोडायची, आणि पहिल्या मोठ्या पावसापासून पंधरवडाभर नाल्याच्या तोंडाशी कुणीच सापळा लावायचा नाही. पोट फुगलेली मांगूर मादी सापडली तर परत सोडायची. हे संस्थेच्या ठरावात आणि ग्रामपंचायतीच्या ठरावातही घ्या, कारण नाल्यात उतरणारे सगळे संस्थेचे सभासद नसतात. दंड ठेवायचा की नाही हे गावावर सोडा. आमच्याकडे दंड लागू करायला कुणी धजत नाही, पण ठराव चावडीवर वाचून दाखवला की निम्मे लोक ऐकतात.

विणीला आलेल्या नर-माद्यांना आणखी एक गिऱ्हाईक असतं. बीज केंद्रांना जिवंत नर लागतात. या माशात नराचं वीर्य दाबून काढता येत नाही, त्याला मारून वृषण काढावं लागतं. म्हणून पावसाच्या तोंडावर कुणी "जिवंत मोठे मांगूर पाहिजेत, दुप्पट भाव" म्हणत आला तर त्याला तुमच्या तलावातले देऊ नका.

फवारणी आणि उन्हाळ्याचं पाणी

फवारणीचं थोडक्यात. खोडकिडा, तुडतुडे, गादमाशी यांच्यासाठी औषध मारलं जातं तेव्हा मांगुराची पिल्लं बांधीतच असतात. औषध बंद करा असं मी शेतकऱ्याला सांगू शकत नाही. एवढंच सांगते: फवारल्यावर आठवडाभर बांधीचं पाणी धुऱ्याच्या (बांधाच्या) आत ठेवा, तलावाकडे फोडू नका. पंप तलावात धुऊ नका, रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नका. तलावाला लागून असलेल्या ज्या दोन-चार बांध्या आहेत, त्यांच्या मालकांशी वेगळं बोला. मासे नेमके त्याच बांध्यांत येतात, आणि तेवढे शेतकरी समजावणं अख्ख्या गावाला समजावण्यापेक्षा सोपं आहे.

उन्हाळी धानाचा प्रश्न याहून कठीण. मोटर लावून पाणी उपसलं जातं आणि एप्रिलमध्ये तलावात तळ दिसतो. मांगूर चिखलात काही दिवस काढतो, पण चिखलही तडकला की संपला. शेतकरी आणि संस्था यांच्यात एक पातळी ठरवून घ्या आणि तिची रंगाची रेघ पाळीच्या दगडावर मारा. पाणी त्या रेघेवर आलं की मोटर बंद. रेघ डिसेंबरात मारायची, धान लावायच्या आधी. मार्चमध्ये गेलात तर उभं पीक दाखवतील आणि तेव्हा त्यांचंच बरोबर असेल. गाळ काढताना पाळीजवळ एक खोल डोह ठेवला तर ही रेघ खाली नेता येते, दोघांचंही भागतं. त्या डोहात मे महिन्यात जाळं टाकायचं नाही.

बीज आणि वही

एवढं केल्यावर दोन पावसाळे थांबा. आजूबाजूच्या तलावांत मांगूर शिल्लक असेल तर पुराच्या पाण्याने, बांध्यांतून सरपटत तो येतो. नाहीच आला, तर बीज. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने देशी मांगुराच्या कृत्रिम विणीची पद्धत बसवली आहे. तिथे किंवा तिथली पद्धत वापरणाऱ्या सरकारी केंद्रात विचारा. जितक्या जवळच्या नदीखोऱ्यातले पालक मासे असतील तितकं बरं. खासगी व्यापाऱ्याकडचं "देशी मांगूर बीज" घेऊ नका. थाई नर आणि देशी मादी यांचं संकरही बाजारात फिरतं आणि पिल्लू असताना ते ओळखता येत नाही. बोटुकली सायंकाळी सोडा, पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, आणि सोडा ती गाद-देवधानाच्या पट्ट्यात, मधल्या खोल पाण्यात नव्हे. मधे मरळ आणि पढीण वाटच बघत असतात.

आणि नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. ती काढायला लावा. पुष्कळ गावांत ती कुणीतरी तालुक्याला बसून भरलेली सापडेल, माशांच्या पानावर रोहू आणि कतला. तिथे देशी मांगूर, शिंगी, मरळ, बाम, जे जे आहे ते लिहून घ्या, सोबत फोटो, आणि तलावाचा कोणता काठ विणीचा आहे ते नकाशावर. गाळाचं अंदाजपत्रक येतं किंवा काठावर बांधकामाची कुणाला हौस होते, तेव्हा दाखवायला हाच एक सरकारी कागद असतो.

संस्थेच्या वहीत मांगुराची वेगळी ओळ ठेवा, "इतर" मध्ये टाकू नका. तारीख, तलावाची बाजू, नग, वजन, आणि शेवटच्या रकान्यात अंगठा फिरवून बघितलेल्याची सही.